झोक्याचा दोर, गळ्याचं दावं

(आषाढ सरता सरता रेडिओवर झालेलं हे भाषण. मुदखेड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई बोलत आहेत. बोलणं जसं झालं तसंच छापलं आहे.)

बायांनो, कुणी भाकरी थापत असाल, कुणी निंदणाहून येऊन आत्ताच पाय धुतले असतील. हातातलं काम सोडू नका. नुसता कान इकडं द्या.

आज मी दोरावर बोलणार आहे. हसू येईल तुम्हाला. दोरावर काय बोलायचं? दुकानात जायचं, "नायलॉनची दोरी द्या" म्हणायचं, हाताने मोजून घ्यायची, झालं. मीही असंच करत होते. पण आता अमावस्या झाली की पाचव्या दिवशी नागपंचमी, आणि श्रावण सरताना पोळा. या एका महिन्यात आपल्या घरात जेवढा दोर विकत येतो, तेवढा वर्षभरात येत नाही. झोक्याला दोर, बैलाला कासरा, वेसण, म्होरकी, गोठ्यात नवी दावी. म्हणून म्हटलं, बाजारात जायच्या आधीच चार गोष्टी सांगाव्यात.

आधी माझी चूक सांगते. चार वर्षांमागची पंचमी. माझ्या दिराची लेक लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली होती. पोरी गोळा झाल्या, चिंचेला झोका बांधायचं ठरलं. दोर कुठाय म्हणून शोधाशोध झाली. मी म्हटलं, आमच्या पत्र्यावर आहे की. तुरीच्या गंजीवर ताडपत्री बांधायला आणला होता तो निळा दोर, बोटाएवढा जाड. तीन उन्हाळे तो तिथंच पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "बघितलीस का ओढून? जुना दिसू लालाय." मी म्हटलं, "आत्याबाई, नायलॉनचा हाय. बैलाला तुटायचा नाही."

पाटावर दोघी उभ्या राहिल्या. चौथ्या की पाचव्या झोक्याला, झोका वरून खाली येताना, फांदीपाशी दोर तुटला. एकीच्या हातात दुसऱ्या बाजूचा दोर राहिला, ती वाचली. आमची पोर हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. नांदेडला नेलं, दीड महिना प्लास्टर. सासरी तिला काय काय ऐकावं लागलं, ते मी इथं सांगत नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही, पण दोर माझा होता.

त्या रात्री मी तो दोर हातात घेऊन बसले. तळहाताला निळी भुकटी लागली. एक पेड उलगडून बोटात वाकवला, तर वाळल्या गवतासारखा कट्कन तुटला. वरून धड दिसणारा दोर आतून मेला होता. तेव्हापासून मी विचारत सुटले. दोर विकणाऱ्याला विचारलं, बोअरची मोटार सोडणाऱ्या पोरांना विचारलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि अंबाडीचे दोर वळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांपाशी जाऊन बसले. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते.

नाव नायलॉन, माल दुसराच

पहिली गोष्ट. आपण ज्याला "नायलॉनची दोरी" म्हणतो, ती बहुतेक वेळा नायलॉनची नसतेच. बाजारातले निळे, हिरवे, पिवळे, केशरी दोर बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचे किंवा पॉलीथिलीनचे असतात. हेही प्लास्टिकच, पण जात वेगळी. खरा नायलॉन वेगळा, पॉलिस्टर त्याहून वेगळा. नावं अवघड आहेत, पाठ करू नका. ओळखायचं कसं ते सांगते.

तांब्याभर पाणी घ्या. दोराचा बोटभर तुकडा कापून पाण्यात टाका, बुडवून, बोटांनी दाबून त्यातली हवा काढा, मग सोडा. वर तरंगला तर तो पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीथिलीन. खाली बसला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पाण्याहून हलकं ते तरंगतं, जड ते बुडतं, एवढाच हिशोब. आमच्या गटात आम्ही घरातल्या नऊ दोऱ्या अशा टाकून बघितल्या. आठ तरंगल्या. सगळ्या आम्ही "नायलॉन" म्हणून आणलेल्या!

यानं काय फरक पडतो? लई पडतो. तरंगणारा दोर स्वस्त असतो, हलका असतो, पाण्यात कुजत नाही. हे त्याचे गुण. पण उन्हाशी त्याचं जमत नाही. उन्हातले डोळ्याला न दिसणारे किरण त्याचा धागा आतून तोडत जातात. आपल्याकडं वैशाखात पारा 42-43 च्या पुढं जातो, आणि पत्र्यावर तर त्याहून ताप. एखादा उन्हाळा उघड्यावर काढलेल्या अशा दोरावर जीव टाकू नये. काही दोरांत ऊन सोसायचं औषध घातलेलं असतं, पण ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पॉलिस्टर ऊन बऱ्यापैकी सोसतो, ताणून फारसा वाढत नाही, ओला झाला तरी ताकद तेवढीच राहते. नायलॉन सगळ्यांत चिवट, झटका सोसतो, पण ताणला की रबरासारखा वाढतो, आणि भिजला की ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते.

आता घरच्या धाग्यांचं. सुती दोर मऊ, हाताला गोड, गाठ घट्ट बसते. ओल्यात कुजतो, ताकद बेताची. अंबाडीचा आणि केकताडाचा दोर खरबरीत, हातातून निसटत नाही, उन्हानं लगेच मरत नाही, पण ओला राहिला की कुजतो. केकताड म्हणजे घायपात, ती बांधावरची काटेरी पानांची. काथ्या नारळाच्या सालीचा. त्याला ताकद कमी, पण पाण्यात इतरांपेक्षा जास्त टिकतो. सुतळी तागाची, पोत्याचं तोंड शिवायला ठीक, वजन उचलायला नाही.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब सांगते. करंगळीएवढा, म्हणजे 12 मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा नवा दोर धरा. घायपाताच्या जातीचा असेल तर सुमारे एक टनाला तुटतो, पॉलीप्रॉपिलीनचा सुमारे दोन टनांना, नायलॉनचा सुमारे तीन टनांना. हे चांगल्या मालाचे आकडे. रद्दी प्लास्टिक वितळवून केलेला दोर यातला निम्माही भार घेईल याची खात्री नाही. आणि तीन टनांना तुटतो म्हणजे तीन टन उचलायचे, असं नाही. साध्या कामाला तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्सा धरायचा. माणसाचा जीव अडकला असेल तर दहावा, बारावा. त्यातही गाठ मारली की गाठीपाशी दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने कमी होते. म्हणून दोर तुटतो तो बहुतेक गाठीपाशी नाही तर घासल्या जागी. आमचा फांदीपाशी तुटला तो असाच.

एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. दोर दुप्पट जाड घेतला की ताकद चौपट होते. थोडे पैसे जास्त गेले तरी जाडीत कंजूषी करू नका.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

"मजबूत दोर द्या" असं म्हणू नका. मजबूत कशासाठी, ते सांगा. घरून निघतानाच हे पाच प्रश्न मनाशी ठरवून निघा.

पहिला, वजन किती, आणि झटका बसणार का? दुसरा, दोर उन्हात राहणार की पाण्यात? तिसरा, ताणून वाढला तर चालेल का? चौथा, दोर कुणाच्या अंगाला लागणार, हाताला की गळ्याला? पाचवा, गाठ टिकणार का? प्लास्टिकचा दोर गुळगुळीत असतो, साधी गाठ सरकत सरकत सुटते. त्याला जास्तीचे दोन वेढे द्यावे लागतात आणि शेपूट वीतभर लांब ठेवावं लागतं.

या पाचांत मला सगळ्यांत मोठा वाटतो तो चौथा. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? पोतं आहे, की लेकरू आहे, की मुकं जनावर?

गोठ्यातलं दावं

आपल्या भागातली लाल कंधारी बघा, लातूरकडची देवणी बघा, नाही तर दारची म्हैस आणि उस्मानाबादी शेळी बघा. यांच्या गळ्यात आज काय असतं? बारीक, गुळगुळीत प्लास्टिकचा दोर. स्वस्त आहे, कुजत नाही, जनावराला तुटत नाही. तुटत नाही हाच त्याचा दोष होऊन बसतो. जनावर बुजलं, पाय अडकला, तर अंबाडीचं दावं एखाद्या वेळी तुटायचं आणि जनावर वाचायचं. हा दोर कातडी कापतो, पण तुटत नाही. ओढ बसली की घासून तापतो आणि कातडं भाजून निघतं. पावसाळ्यात त्या जखमेवर माशी बसते आणि दोन-तीन दिवसांत आळ्या पडतात.

सगळ्यांत वाईट होतं ते वासरांचं आणि कालवडींचं. लहानपणी गळ्यात दोर बांधतो, वासरू वाढतं, दोर तेवढाच राहतो. केसांखाली दिसत नाही. मग एक दिवस वास येतो तेव्हा कळतं, की दोर कातड्यात रुतलाय. जनावरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की असं रुतलेलं दावं घरी ओढून काढू नका, त्यांना बोलवा.

मग करायचं काय? गळ्यातला भाग मऊ आणि रुंद ठेवा. सुती दोर किंवा अंबाडीचा, निदान अंगठ्याएवढा जाड. सुती नवार असली तर आणखी चांगली. प्लास्टिकचा दोर वापरायचाच असेल तर तो खुंट्यापासून कडीपर्यंत वापरा, गळ्याला नको. मध्ये फिरती कडी, म्हणजे भोवरकडी घाला, मग दोराला पीळ पडून गळा आवळत नाही. गळ्याला सरकफास कधी मारू नका. गाठ मारल्यावर ओढून बघा. फास लहान होत असेल तर ती गाठ सोडा आणि दुसरी मारा. दावं आणि गळा यांच्यात चार बोटं सहज गेली पाहिजेत. वासराचं दावं दर अमावस्येला सैल करायचं, अशी आमच्या गटानं रीतच पाडली. अमावस्या कुणी विसरत नाही, म्हणून दावंही विसरत नाही.

आणखी एक. कडब्याच्या पेंढीला, चाऱ्याच्या भाऱ्याला प्लास्टिकची सुतळी बांधली असेल तर चारा टाकताना ती सोडून बाजूला ठेवा. कुट्टी यंत्रात ती गेली की तुकडे चाऱ्यात जातात. जनावराच्या पोटात प्लास्टिक पचत नाही, गोळा होऊन बसतं. जमेल तिथं पेंढी कडब्याच्याच ताटानं नाही तर अंबाडीच्या सालीनं बांधा. ते पोटात गेलं तरी चारा म्हणूनच जातं.

पोहरा, बोअर आणि विहीर

आडावर पोहरा ओढायला दोर असा हवा, की ओल्या हातात निसटणार नाही. पंधरा लिटर पाण्याचं वजन पंधरा किलो. ओढताना झटका बसला की हाताला तेच दुप्पट लागतं. दोर बारीक आणि गुळगुळीत असेल तर तळहात कापतो. नुसत्या ताकदीला बारीक दोर पुरेल, पण मुठीला भरायला निदान करंगळीहून जाड दोर घ्या. जाड सुती दोर हाताला चांगला, मात्र रोज वाळवावा लागतो. पिळाचा खरबरीत प्लास्टिक दोरही चालतो, पण काम झालं की सावलीत टांगा, आडावर उन्हात पडू देऊ नका.

बोअरमधली मोटार दोरावर टांगलेली असते. तिथं अंबाडी, सुती, काथ्या अजिबात नको, पाण्यात कुजून तुटेल आणि मोटार तळाला जाईल. तिथं जाड प्लास्टिकचाच दोर. आत ऊन नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पण बोअरच्या तोंडाशी, जिथं दोर केसिंगला बांधलेला असतो, तो हातभर भाग उन्हात असतो. मोटार सोडणाऱ्या पोरांनी सांगितलं, की दोर पहिल्यांदा मरतो तो तिथंच. त्या भागावर जुन्या पाइपाचा तुकडा चढवा नाही तर गोणपाट गुंडाळा, आणि केसिंगची कड धारदार असेल तर ती घासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण मोटार वाचते.

आणि विहिरीत माणूस उतरवायचा असेल, गाळ काढायला म्हणा, काहीही म्हणा, तर घरातला कुठलाच दोर त्या कामाचा नाही. ते काम जाणकारांचं, त्यांच्या खास दोराचं. घरच्या माणसाला नाही म्हणायची पाळी आली तर नाही म्हणा.

झोळी आणि झोका

निंदायला जाताना लेकरू बरोबर असतं. झाडाला लुगड्याची झोळी बांधतो. झोळीचं कापड मऊ असतं, पण वर फांदीला जो दोर असतो तो आपण बघत नाही. रोज हेलकावे खाऊन तो फांदीवर घासत असतो. फांदीवर आधी गोणपाटाची घडी टाका, त्यावर दोर दोनदा गुंडाळा, मग गाठ मारा. नायलॉन रबरासारखा वाढतो, म्हणून झोळी हळूहळू खाली येते. सकाळी मांडीएवढ्या उंचीवर असलेली दुपारी दगडाला टेकू शकते. झोळीला सुती दोर बरा, आणि लेकरू ठेवायच्या आधी आपण स्वतः दोन हातांनी लोंबकळून बघायचं. आणि झोळीच्या आसपास दोराचं लोंबतं शेपूट ठेवू नका. हाताशी आलं की लेकरू ते गळ्यात घेतं.

आता पंचमीचा झोका. पाटावर दोघी उभ्या, दोघींचं वजन मिळून शंभर किलो धरा. झोका उंच जाऊन खाली येतो, तेव्हा अगदी खालच्या जागी दोरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट भार येतो. म्हणजे दोनशे-तीनशे किलो. दोन्ही बाजूंना तो वाटला जातो, पण गाठीपाशी दोराची ताकद निम्मी झालेली असते, फांदीवर घासणं वेगळं. हा हिशोब मला चार वर्षांमागं कुणी सांगितला असता तर तो निळा दोर मी पत्र्यावरून खाली काढला नसता.

झोक्याला नवा दोर घ्या, अंगठ्याहून जाड, पिळाचा, हातात भरेल असा. दरवर्षी नव्या घराचा दोर नको, गल्लीचा मिळून एक घ्या. पंचमी झाली की धुऊन, सावलीत वाळवून, पोत्यात घालून घरात टांगा, आणि झोक्याशिवाय त्याला दुसरं काम लावू नका. आमच्या गल्लीत आता तसंच आहे. झोका बांधला की आधी मोठी माणसं दोघं-तिघं मिळून लोंबकळतात, मग पोरी चढतात. आमच्या पोरीनं गेल्या पंचमीला झोका घेतला. पाटावर चढायच्या आधी तिनं दोर दोन्ही हातांनी ओढून बघितला. मी काही बोलले नाही.

शेतातली बांधाबांध

आपला मुदखेड आणि शेजारचं अर्धापूर म्हणजे केळी आणि फुलांचा मुलूख. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा झाला आणि वळवाचं वारं सुटलं, की खोड कंबरेतून मोडतं. म्हणून खोडं एकमेकांना बांधतो. तिथं बारीक दोर वापरला तर तो खोडात रुततो आणि खोड तिथंच कापलं जातं. रुंद पट्टी वापरा, किंवा दोराखाली वाळलेल्या सोपटाची घडी घाला. काम एका हंगामाचं असतं, म्हणून स्वस्त तरंगता दोर चालतो, पण पीक निघालं की तो गोळा करा. रानात राहिला तर उन्हानं चुरा होऊन मातीत मिसळतो, आणि मातीतून निघत नाही.

गाडीवर, ट्रॅक्टरवर भारा आवळायला ताणणारा दोर नको. नायलॉन वाटेत सैल होतो, आणि ताणलेला तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. डोळा जाऊ शकतो. दोर आवळताना त्याच्या सरळ रेषेत कुणी उभं राहू नये, लेकरं तर नाहीच.

फुलं ओवणाऱ्या बायांना सांगायची गरज नाही, त्यांना ठाऊक आहे. झेंडूच्या, गलांड्याच्या माळेला सुती दोरा, आणि तो ओला करून. सुताचा गुण असा, की ते ओलं झालं की उलट चिवट होतं, आणि फुलाला कापत नाही. केळीच्या सोपटाचा धागाही तसाच. केळीच्या खोडात चांगला वाख असतो. जगातल्या जहाजांवर जो मनिला दोर वापरला गेला, तो फिलिपाइन्स देशातल्या केळीच्याच एका जातीच्या खोडातून निघतो. आपल्या केळीचा धागा तेवढा ताकदीचा नाही, त्यावर वजन टांगू नका, पण बांधायला, विणायला चांगला आहे. आपण खोड बांधावर फेकतो. सगरोळी आणि पोखर्णीच्या कृषी विज्ञान केंद्रांत याची चौकशी करायला हरकत नाही. गटानं यंत्र घ्यायच्या आधी एवढंच विचारा: धागा घेणारा कोण, भाव काय, आणि खोड आणायची गाडी कुणाची?

पीळ

शेवटी त्या बाबांचं सांगते. पूर्वी गावातले दोर मातंग समाजाची माणसं वळायची. पोळ्याला घरोघरी नवा कासरा, नवं दावं, नवी म्होरकी त्यांच्या हातची यायची, बदल्यात धान्य मिळायचं. गावाची सगळी दावण, आडावरचा पोहरा, मोटेचा नाडा त्यांच्या हातच्या पिळावर चालायचा. त्यांना गावानं मान किती दिला, ते आपल्याला ठाऊक आहे. कला मात्र त्यांचीच होती.

बाबांनी मला अंबाडी कशी काढायची ते सांगितलं. पहिल्या पावसात ज्वारीच्या, कापसाच्या कडेनं टाकायची. कोवळा पाला भाजीला. झाड फुलोऱ्यात आलं की कापायचं. बी पक्कं होऊ दिलं तर वाख जाड आणि ठिसूळ निघतो. पेंढ्या बांधून पाण्यात दगडाखाली दाबायच्या, साधारण दोन आठवडे. साल सुटायला लागली की ओरबाडून, धुऊन, वाळवायची. ते पाणी घाण होतं, मासे मरतात, म्हणून पिण्याच्या पाण्यात कधी टाकायची नाही. मग वाख पिंजून पेड वळायचा. धाग्याला एका बाजूचा पीळ द्यायचा, आणि तीन पेड एकत्र वळताना उलट्या बाजूचा. एक पीळ सुटू बघतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. सगळा दोर उभा राहतो तो या ओढाताणीवर. धागा वीतभराचा असो की हातभराचा, पिळात आला की शंभर हातांचा दोर होतो.

मी बाबांना विचारलं, चांगला दोर ओळखायचा कसा? त्यांनी दोर हातात घेतला, दोन्ही हातांनी उलटा पिळून पेड उघडले आणि म्हणाले, "वरून काय बघू लालीस माय? आतून बघ."

तेवढं एक काम आज संध्याकाळी करा. घरातला प्रत्येक दोर हातात घ्या, पीळ उघडून आत बघा. आतून भुकटी पडत असेल, धागे पांढरे होऊन तुटत असतील, तळहाताला रंग लागत असेल, वाखाच्या दोराला कुबट वास येत असेल, आत काळं पडलं असेल, तर त्या दोरावर जीव टाकू नका. त्याचे तुकडे करा, म्हणजे पुन्हा चुकूनही कुणी तो झोक्याला बांधणार नाही. तुकड्यांनी पोत्याची तोंडं बांधा. प्लास्टिकचे तुकडे चुलीत घालू नका, त्याचा धूर छातीला वाईट, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. आणि गोठ्यात जाऊन वासराच्या दाव्यात चार बोटं घालून बघा.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं आपण माणसांना टोमणा म्हणून ऐकवतो. मला आता ती म्हण ऐकली की तो निळा दोर आठवतो. त्याचा पीळ अगदी जसाच्या तसा होता. आतला धागा तेवढा गेला होता.

पंचमी सुखाची जावो, बायांनो. झोका उंच घ्या, पण दोर आधी ओढून बघा. नमस्कार.